आजोबांचं सोन्याचं घड्याळ: सराफ एक सांगतो, घड्याळजी दुसरं

प्रश्न सहकारनगरच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: आजोबांचं मनगटी घड्याळ कपाटात सापडलं. डायलवर ओमेगा, सहाच्या वर छोटा सेकंद काटा. मागच्या झाकणाच्या आत '१८ के', '०.७५०' आणि एका बाईच्या डोक्याचा बारीक ठसा. लक्ष्मी रोडवरच्या सराफाने कॅरट मीटरवर ठेवून '१८ कॅरट' सांगितलं आणि मोडीचा भाव काढून दिला. दुसऱ्या दिवशी एका घड्याळजीने डायलकडे बघूनच 'डुप्लिकेट आहे' म्हणून परत केलं. दोघांतलं कोण खरं, आणि आता करायचं काय? सोबत सात फोटो आहेत.

ताई, आधी मनातली धाकधूक घालवतो. तुमचं घड्याळ डुप्लिकेट नाही. सराफाने सांगितलेला कसही बरोबर असावा, असंच फोटोंवरून दिसतं. पण मोडीचा भाव घेऊ नका. आणि घड्याळजीने ज्या डायलवरून नाक मुरडलं, ते डायल खरोखरच नंतर रंगवलेलं आहे. हे सगळं एकाच घड्याळाबाबत खरं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण अगदी हाच गोंधळ घेऊन महिन्याला दोन-तीन जण तरी माझ्याकडे येतात.

मी या कामात अडतीस वर्षं आहे. त्याआधी शाळेतून आलो की रविवार पेठेत वडिलांच्या टेबलाशेजारी बसायचो. तेव्हापासून एक गोष्ट बघतो आहे: सराफ सोनं तपासतो, घड्याळजी घड्याळ तपासतो, आणि गिऱ्हाईक दोघांची उत्तरं एकमेकांवर घालून बसतं. जुन्या घड्याळाचे तीन भाग वेगवेगळे तपासावे लागतात. केस म्हणजे बाहेरचं धातूचं अंग. डायल म्हणजे तबकडी. आणि आतलं मशीन. तुमच्या सराफाने केस पाहिली, घड्याळजीने डायल पाहिलं. सगळ्यात जास्त ज्यावर लिहिलेलं असतं ते मशीन दोघांनीही वाचलं नाही. तुमच्या भाच्याने काढलेला पाचवा फोटो, झाकण उघडल्यावर दिसणाऱ्या तांबूस मशीनचा, तो बाकी सहा फोटोंपेक्षा मोलाचा आहे.

सुरुवात सोन्यापासून करू, कारण घरात वाद तिथेच होतो.

बाईच्या डोक्याचा तो ठसा म्हणजे हेल्व्हेशिया, स्वित्झर्लंड देशाचं मूर्तरूप. स्वित्झर्लंडमध्ये १८८० साली सोन्या-चांदीच्या वस्तूंच्या तपासणीचा कायदा झाला, आणि तेव्हापासून १९९५ पर्यंत १८ कॅरटच्या घड्याळाच्या केसवर हे डोकं उमटवलं जायचं. १४ कॅरटवर खार असायची. खार म्हणजे आपली झाडावरची खार, शेपटी वर करून बसलेली. १९९५ पासून या दोन्हींच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. म्हणून पन्नास-साठच्या दशकातलं म्हणून कुणी घड्याळ दाखवलं आणि आत कुत्र्याचं डोकं निघालं, तर केस त्या काळातली नाही, एवढं तिथेच ठरतं. हे ठसे तांदळाच्या कणीपेक्षाही लहान असतात. दहापट दाखवणारं भिंग घ्या आणि कडेने उजेड टाका. खऱ्या ठशात चेहऱ्याची रेघ, चौकटीची कड स्पष्ट दिसते. नकली ठसा बहुतेक वेळा फुगलेला आणि बोथट असतो, साबणाच्या वडीवर दाबल्यासारखा. तुमच्या तिसऱ्या फोटोत नाक आणि डोक्यावरचे केस वेगळे दिसताहेत. मला तो ठसा चांगला वाटतो.

नुसत्या '१८ के' या अक्षरांवर मात्र विसंबू नका. ती अक्षरं कुणीही ठोकू शकतो. अक्षरं, ०.७५० हा आकडा, सरकारी ठसा आणि केस बनवणाऱ्याची खूण अशी चौकडी एकत्र असली की मन निश्चिंत होतं. जिनेव्हाच्या केसकारांची खूण किल्लीच्या आकाराची असते, आत आकडा असतो. पुष्कळ स्विस सोन्याच्या केसांत झाकणावरच्या नंबरातले शेवटचे दोन-तीन आकडे पट्टा अडकतो त्या टोकांमागे, म्हणजे कानांमागे, किंवा काचेच्या कडीच्या आतही मारलेले सापडतात. ते जुळले तर झाकण आणि केस जन्मापासून एकत्र आहेत.

पुण्यात ब्रिटिश ठशांची घड्याळंही बरीच निघतात. कॅम्पातल्या जुन्या घरांतून, आफ्रिकेत किंवा इंग्लंडला राहून आलेल्या कुटुंबांतून. त्यांत ९ कॅरट जास्त. '.३७५' हा आकडा, बर्मिंगहॅमची खूण असलेला जहाजाचा नांगर आणि वर्ष सांगणारं एक अक्षर. बर्मिंगहॅमच्या डेनिसन कंपनीने ओमेगा, रोलेक्स अशा नावाजलेल्या कंपन्यांच्या मशीनसाठी इंग्लंडमध्ये केसेस बनवल्या. ती कंपनी १९६७ मध्ये बंद झाली. आत डेनिसनचं नाव दिसलं म्हणून 'ओमेगाची केस नाही, म्हणजे खोटं' असं म्हणणारे भेटतात. ते चूक आहे. तशी घड्याळं त्या काळी रीतसर दुकानांत विकली गेली आहेत. आपल्याकडे ९ कॅरट म्हटलं की तोंड वाकडं होतं, कारण आपण दागिन्याच्या हिशेबाने २२ धरून चालतो. घड्याळाच्या केसला कडकपणा लागतो. २२ कॅरटची केस वर्षभरात चेपेल.

सराफाने तुम्हाला 'यावर हॉलमार्क नाही' असंही म्हटल्याचं लिहिलंय. त्याचा अर्थ आपल्या बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, त्रिकोण आणि एचयूआयडी हा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक नाही, एवढाच. आपल्याकडे २०२१ च्या जूनमध्ये हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हा घड्याळं, फाउंटन पेन आणि कुंदन-पोलकी-जडाऊ दागिने त्यातून वगळले होते. सत्तर वर्षांपूर्वीच्या स्विस केसवर तो शोधण्यात अर्थ नाही.

आता सोनेरी दिसणारी पण सोन्याची नसलेली घड्याळं. आपल्या घरांत हीच जास्त असतात. आजोबांचं 'सोन्याचं घड्याळ' म्हणून फडक्यात गुंडाळून आणलेल्या दहांपैकी सात-आठ मुलाम्याची निघतात, आणि ते सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं. झाकणावर काय लिहिलंय ते नीट वाचा. 'गोल्ड फिल्ड', 'रोल्ड गोल्ड' म्हणजे पितळेवर किंवा तसल्याच धातूवर सोन्याचा पत्रा दाबून बसवलेला. 'प्लाके' आणि पुढे १०, २०, ४० असा मायक्रॉनचा आकडा म्हणजे मुलामा. २० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिलेलं असेल तर झाकण पोलादी, आणि वरची केस बहुतेक करून मुलाम्याची. फावर-ल्यूबा, वेस्ट एंड ही नावं आपल्याकडे घरोघरी होती. वेस्ट एंड तर १८८६ मध्ये मुंबईतच सुरू झालेली कंपनी. त्यांची सोनेरी दिसणारी घड्याळं माझ्याकडे आली ती बहुतेक अशीच, मुलाम्याची. घड्याळं फार चांगली, मशीन भक्कम, पण सोनं नव्हे.

मुलामा ओळखायची माझी आवडती जागा म्हणजे पट्ट्याची दांडी ज्या भोकात बसते ते भोक. पट्टा काढा, भिंग लावा, भोकाच्या आत बघा. दांडीचं टोक वर्षानुवर्षं तिथे घासत असतं. भोकाची कड पिवळी आणि आत पांढुरकं किंवा तांबूस दिसलं, की प्रश्न मिटला. आतपर्यंत एकच रंग असेल तर सोनं असण्याची शक्यता दाट. तुमच्या सहाव्या फोटोत डाव्या बाजूचं खालचं भोक दिसतंय, आतपर्यंत एकसारखं पिवळं. कानांचे कोपरे आणि झाकणाची मनगटाला लागणारी कड या झिजण्याच्या दुसऱ्या जागा. घाम तिथेच लागतो.

कॅरट मीटरबद्दल दोन शब्द सांगतो, कारण लोकांचा त्यावर अंधविश्वास बसला आहे. ते यंत्र क्ष-किरण टाकून धातू ओळखतं आणि दागिन्यासाठी उत्तम आहे. पण सोन्यात ते किरण फार खोल जात नाहीत, वरच्या काही मायक्रॉनचंच वाचन होतं. जाड मुलाम्याच्या केसवर ते बिनधास्त १८ दाखवतं, कारण वरचा थर खरंच १८ चा असतो. यात यंत्राचा दोष नाही. ओमेगाच्या काही जुन्या घड्याळांत पोलादी केसवर १४ कॅरटची जाड टोपी चढवलेली असे. तिथे मीटर, कसोटी, डोळा, तिघंही फसतात, फक्त झाकण पोलादाचं असतं हाच सुगावा. म्हणून मीटर वापरायचाच तर झाकणाच्या आतल्या बाजूलाही लावायला सांगा, आणि बाहेरचा-आतला आकडा जुळतो का बघा.

कसोटीच्या दगडावर घासून तेजाब लावायची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. माझी विनंती एकच: कुणालाही केसच्या बाहेरच्या कडेवरून कस काढू देऊ नका. दागिन्यावरचा ओरखडा पॉलिशमध्ये जातो. घड्याळाच्या कानावरची धार एकदा बोथट झाली की परत येत नाही, आणि या वस्तूंची ओळख बरीचशी त्या धारेतच असते.

मला स्वतःला पाण्यात वजन करायची रीत आवडते. काही घासावं लागत नाही. झाकण सुटं करून घ्यायचं, फक्त झाकण, मशीन अजिबात नाही. झाकण साधं एकपदरी असावं, आत दुसरा पत्रा नको. आधी कोरडं वजन. मग काट्यावर पाण्याची काचेची वाटी ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि झाकण बारीक नायलॉनच्या दोऱ्याने पाण्यात लोंबकळतं धरायचं, तळाला किंवा बाजूला लागू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागायचं. गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर असंच एक झाकण होतं: कोरडं ४.६२ ग्रॅम, पाण्यातला आकडा ०.३०. भागाकार १५.४. पिवळं १८ कॅरट १५ ते १६ च्या दरम्यान येतं, १४ कॅरट १३ च्या आसपास, ९ कॅरट ११ च्या जरा वर. पितळ साडेआठ, पोलाद आठच्या आत. तेच झाकण पितळेचं असतं तर पाण्यात ०.३० ऐवजी ०.५४ आलं असतं. एवढा मोठा फरक साध्या काट्यालाही कळतो. १८ आणि १४ मधला फरक धरायचा असेल तर मात्र मिलिग्रॅम दाखवणारा हिऱ्याचा काटा हवा, तो सोन्या मारुती चौकाच्या आसपास पुष्कळांकडे असतो. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे हवेचे बुडबुडे ठशांच्या खाचांत अडकून आकडा बिघडवत नाहीत.

लोहचुंबक लावून बघू नका. सोनं चिकटत नाही हे खरं, पण पितळही चिकटत नाही, म्हणजे कळत काहीच नाही. वर आतली हेअरस्प्रिंग, म्हणजे केसासारखी बारीक कमान, चुंबकित होते आणि घड्याळ पुढे पळायला लागतं. अशी दुरुस्तीला आलेली घड्याळं मी कितीतरी सोडवली आहेत.

सोन्याचा विषय सोडण्याआधी मोडीचं सांगतो. तुमची केस समजा मशीन-काच वगळून ९ ग्रॅमच्या आसपास भरेल. १८ कॅरट म्हणजे त्यात शुद्ध सोनं पावणेसात ग्रॅम. सराफ भाव देणार तो तेवढ्याचा, त्यातून घट वजा करून. मशीनची किंमत त्याच्या हिशेबात शून्य. तो फसवत नाहीये, त्याच्या धंद्यात मशीनला जागाच नाही. मी दुकानात नवा होतो तेव्हा एक वयस्कर गृहस्थ कागदाची पुडी घेऊन आले. पुडीत लाँजिनचं मशीन, डायलसकट, काटे लावलेले. केस आदल्या दिवशी मोडीत दिली होती, मुलीच्या लग्नासाठी. विचारत होते, 'आता हे कशात बसवून मिळेल का?' मशीन पुडीत चालत होतं. ती टिकटिक अजून कानात आहे. सोन्याचे भाव चढले तेव्हा जगभर अशा हजारो केसेस मुशीत गेल्या, आणि नागडी मशीनं उरली.

इथूनच दुसरा धोका सुरू होतो. ती उरलेली खरी मशीनं नंतर कुठल्याही केसमध्ये बसवली गेली. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारलीत तर दिसतील: मशीन खरं, केस परकी, डायल नवं रंगवलेलं, चावी, म्हणजे बाजूचं फिरवायचं बटण, तिसऱ्याच कंपनीची. आम्ही त्याला जोडाजोडीचं घड्याळ म्हणतो. हे फक्त फुटपाथवर होतं असंही नाही. २०२१ मध्ये जिनेव्हाच्या एका लिलावात एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं, आणि २०२३ मध्ये खुद्द ओमेगानेच सांगितलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलं होतं. म्हणून मी प्रत्येक भागाचं वय वेगळं काढतो आणि मग ती वयं एकमेकांशी जमतात का बघतो.

तर तुमचं मशीन. तांबूस रंग हा ओमेगाचा त्या काळचा मुलामा. ब्रिजवर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, कंपनीचं नाव, चिन्ह, '१७ ज्युएल्स' (चाकांच्या टोकांना आधार देणारे खडे), आणि २६६ हा कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या जातीचा, आकडा. हे ओमेगाचं ३० मिलिमीटरचं प्रसिद्ध मशीन, १९३९ साली आलेल्या ३०टी२ च्या घराण्यातलं. कामाला इतकं सरळ की मी नव्या पोरांना शिकवायला हेच काढून देतो. याच घराण्यात २६० च्या घरातले आकडे छोट्या सेकंद काट्याचे आणि २८० च्या घरातले मधल्या सेकंद काट्याचे. तुमच्या डायलवर सहाशी छोटा सेकंद काटा आहे, आकडा २६६ आहे, म्हणजे जुळतं. मधला सेकंद काटा असलेलं डायल आणि आत २६६, असं दिसलं असतं तर मी तिथेच थांबलो असतो.

आता नंबर. मशीनवरचा लांब आकडा १ कोटी ३२ लाखांच्या घरातला आहे. ओमेगाचे नंबर चढत्या क्रमाने आहेत: १ कोटी ३० लाख साधारण १९५२ च्या आसपास, १ कोटी ५० लाख १९५६ च्या सुमाराला, २ कोटी १९६३ च्या सुमाराला. एखाद-दोन वर्षांचा इकडे-तिकडे फरक धरायचा. म्हणजे तुमचं मशीन १९५२-५३ चं. तुम्ही लिहिलंय की आजोबा १९५४ मध्ये नैरोबीहून परत आले तेव्हा हे हातात होतं. हे वय बरोबर बसतं. झाकणाच्या आत ओमेगाचं नाव असलेली त्रिकोणी खूणही आहे, म्हणजे केस कंपनीच्याच हातून गेलेली. केस आणि मशीन एकाच काळातले, एकाच घरचे.

एक खूण तुमच्या घड्याळात नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी असेल: बॅलन्सजवळ, म्हणजे मागे-पुढे फिरणाऱ्या चाकाजवळ, इंग्रजी तीन अक्षरं, ओमेगाच्या बाबतीत ओ-एक्स-जी. अमेरिकेत आयात होणाऱ्या मशीनवर ती मारलेली असत. ती दिसली तर ते घड्याळ अमेरिकेतून आलेलं, आणि तिथे केसेस बहुधा स्थानिक, १४ कॅरट किंवा गोल्ड फिल्ड.

नैरोबीवरून आठवलं. एडन, आखात, पूर्व आफ्रिका इथून परतलेल्या मंडळींकडे 'क्रोनोग्राफ स्विस' एवढंच नाव लिहिलेली मोठी, सेकंद मोजायची दोन बटणं आणि १८ कॅरटचा ठसा असलेली घड्याळं सापडतात. ठसा खरा असतो. पण केस पोकळ, सोनं कागदासारखं पातळ, आतून दुसऱ्या धातूचा आधार दिलेला. बंदरांवर प्रवाशांना विकायला ती बनत. हातात घेतल्यावर दिसतं त्यापेक्षा हलकं लागतं. मोठ्या आकारावरून सोन्याचा अंदाज बांधू नका.

आता त्या बिचाऱ्या डायलकडे येतो. घड्याळजीने काय पाहिलं ते मला फोटोतही दिसतंय. सहाच्या खाली, अगदी काठाला, 'स्विस मेड' ही बारीक अक्षरं हवी होती, ती नाहीत. छोट्या सेकंदाच्या वर्तुळातल्या रेघा सारख्या जाडीच्या नाहीत, आणि ४५ ची रेघ वर्तुळाबाहेर गेली आहे. ओमेगाच्या 'ओ' ची उजवी बाजू फुगली आहे. मूळ छपाईत शाई डायलवर किंचित उठून बसलेली असते, कड कापल्यासारखी स्वच्छ. हाताने किंवा साध्या ठोकळ्याने पुन्हा छापली की शाई पसरते. डायल काढल्यावर काठाला एखादी बारीक खाचही मिळेल, रंगवणाऱ्याने जुळवणीसाठी पाडलेली.

पण याला डुप्लिकेट म्हणणं मला मान्य नाही. त्या काळी डायल रंगवून घेणं ही साधी देखभाल होती. ही घड्याळं पाणबंद नव्हती. पुण्याच्या पावसात सायकलवरून कचेरीला जाणाऱ्या माणसाच्या घड्याळात दमटपणा शिरायचा, डायलवर काळे-हिरवे डाग पडायचे, आणि माणूस म्हणायचा, 'डायल नवं करून द्या.' आमच्या दुकानातून अशी डायलं पाकिटात घालून मुंबईला रंगवायला जायची आणि आठवड्याने परत यायची. मी स्वतः ती बसवली आहेत. तेव्हा कुणी संग्राहक नव्हते. घड्याळ स्वच्छ दिसावं आणि वेळ वाचता यावी, एवढंच हवं असायचं. संग्राहकाच्या बाजारात रंगवलेल्या डायलने किंमत बरीच खाली येते, हे तुम्हाला माहीत असावं. खोटेपणा वेगळा. साध्या मशीनवर मोठ्या कंपनीचं नाव रंगवून विकतात, तो खोटेपणा. तुमच्याकडे नाव डायलवर आहे, मशीनवर आहे आणि झाकणात आहे.

चावीही बदललेली आहे, तिच्यावर ओमेगाचं चिन्ह नाही. चावी हा झिजणारा भाग, सत्तर वर्षांत दोनदा तरी बदलतेच. त्याची काळजी करू नका.

आणि आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते. तुमचा तिसरा फोटो मोठा करून बघा. हेल्व्हेशियाच्या ठशाच्या डावीकडे झाकणाच्या आत सुईने कोरलेले ओरखडे आहेत. तीन ओळी. पहिली नीट लागत नाही, बहुतेक नैरोबीतली असावी. दुसरी ओळ '७/५८' आणि पुढे एक देवनागरी 'र'. तिसरी ओळ '११/६६' आणि परत तोच 'र'. घड्याळजी दुरुस्ती केली की झाकणात आपली खूण आणि महिना-वर्ष कोरून ठेवतो, पुढे तक्रार आली तर आपलं काम ओळखता यावं म्हणून. असा 'र' ज्याची शेवटची रेघ लांब उजवीकडे ओढलेली आहे, तो रविवार पेठेतल्या एकाच टेबलावर काढला जायचा. ते माझ्या वडिलांचं टेबल. खात्री भिंगाखाली हातात घेतल्यावरच देईन. पण डायल १९५८ च्या पावसाळ्यात की १९६६ मध्ये रंगवलं गेलं, याचा शोध त्या दोन ओळींतच लागेल असं मला वाटतं.

आता काय करायचं ते सांगतो. पॉलिश करू नका, कुणी फुकट करून देतो म्हटलं तरी. चकाकी येईल पण कानांची धार आणि झाकणावरच्या खुणा झिजतील. झाकण घरी सुरीने उघडू नका. पहिल्या फोटोत कडेला सुरीचे दोन ताजे ओरखडे दिसताहेत. दाबाचं झाकण आहे, त्याला एका जागी बारीक ओठ असतो, तिथे योग्य पात्याने अलगद उघडतं. जुनं तेल आत गोंद होऊन बसलं असेल, म्हणून सफाई होईपर्यंत चावी भरून रोज चालवू नका, दात झिजतात. काट्यांत किंवा आकड्यांत तपकिरी झालेला चमकणारा लेप असेल तर तो खरवडू नका, फुंकरही मारू नका. साठच्या आधीच्या लेपात रेडियम असतं. बंद काचेआड ते घड्याळ हाताळायला हरकत नाही, पण त्याची भुकटी श्वासात जाता कामा नये. मला फोटोत तुमच्या डायलवर तसं काही दिसत नाही, तरी मी उघडताना काळजी घेईन.

डायल परत रंगवून 'अगदी मूळसारखं' करून देतो असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. आहे ते राहू द्या. मूळ कंपनीच्या नोंदींतून दाखला हवा असेल तर लाँजिन, पाटेक फिलिप अशा कंपन्या जुन्या नोंदवह्यांतून नंबरावरून माहिती देतात. ओमेगाने ही सेवा मध्यंतरी थांबवली होती, म्हणून पैसे भरण्याआधी त्यांनाच विचारून घ्या. तो दाखला मशीन कधी बनलं आणि कुठे पाठवलं गेलं ते सांगतो. घड्याळ न बघता दिलेला असतो, त्यामुळे डायल-केसबद्दल त्यावरून काही ठरवता येत नाही.

विमा किंवा वाटणीसाठी किंमत लिहून हवी असेल तर सराफाकडून केसचं वजन आणि कस, आणि घड्याळजीकडून मशीनचा नंबर, कॅलिबर, कोणते भाग मूळ, कोणते बदललेले, असे दोन वेगळे कागद घ्या. एकाच कागदावर 'सोन्याचं ओमेगा' असं मोघम लिहून देणाऱ्याला परत पाठवा.

येताना आजोबांची जुनी डायरी किंवा पावत्यांचा डबा असेल तर तोही आणा. जुलै १९५८ आणि नोव्हेंबर १९६६, या दोन महिन्यांची पानं आधी बघून ठेवा. वडिलांची दुरुस्तीची वही माझ्याकडे आहे, १९५६ पासूनची. मी माझ्या बाजूने तेच दोन महिने काढून ठेवतो.